रोजची एक गोळी आणि चुकलेल्या तीन गोळ्या

रक्ताचा कॅन्सर म्हटला की गावाकडे अजूनही माणसं हात टेकतात. रुग्ण दवाखान्यातून घरी यायच्या आत भावकीत कुजबुज सुरू होते. जमीन कोणाच्या नावावर, पोरीचं कसं होणार, मुंबईला न्यायचं की देवाक लावायचं. हिंदी सिनेमाने या आजाराचा असा काही धसका बसवून ठेवला आहे, की डॉक्टरांनी 'गोळी आहे, रोज घ्या' असं सांगितलं तरी घरच्यांना ते सांत्वनच वाटतं.

पण रक्ताचा कॅन्सर हा एकच आजार नाही. त्यातला एक प्रकार असा आहे, की ज्याला आज बहुतेक रुग्णांत रोजच्या एका गोळीने आवरता येतं. त्याचं नाव क्रॉनिक मायलॉइड ल्युकेमिया, दवाखान्यात त्याला 'सीएमएल' म्हणतात. गोळीचं नाव इमॅटिनिब. बहुतेकांना ४०० मिलिग्रॅमची एक गोळी, दिवसातून एकदा, जेवणाबरोबर. बीपीची किंवा साखरेची गोळी घ्यावी तशी. माणूस शेतात जातो, बाजार करतो, पोरांची लग्नं लावतो. एवढी साधी गोष्ट. आणि नेमकं हे साधेपणच आपल्याकडे माणसाच्या जिवावर उठतं आहे. कसं, ते पुढे येईलच.

आधी आजार ओळखायचा कसा ते पाहू. सीएमएल हा गुपचूप येणारा आजार. थकवा येतो, वजन उतरतं, रात्री घाम येतो, आणि डाव्या बाजूला बरगडीखाली जड वाटू लागतं. थोडं खाल्लं तरी पोट भरतं. ही पाणथरी वाढल्याची खूण. आपल्याकडे पाणथरी वाढली की जुनी माणसं हिवतापाचं नाव घेतात, आणि पुष्कळदा ते बरोबरही असतं. पण ताप नाही आणि पाणथरी हाताला लागते, असं असेल तर रक्ताची साधी तपासणी करून घ्यावी. निरोगी माणसाच्या एका घनमिलिमीटर रक्तात पांढऱ्या पेशी साधारण चार ते अकरा हजार असतात. या आजारात तो आकडा लाखावर, दोन लाखांवरही गेलेला दिसतो. अनेकांचा आजार तर दुसऱ्याच कारणासाठी रक्त तपासताना, एखाद्या शिबिरात किंवा ऑपरेशनच्या आधी सापडतो. परदेशात हा रोग प्रामुख्याने साठीच्या पुढच्यांना होतो. आपल्याकडे मात्र पस्तीस-चाळिशीचे, म्हणजे ज्यांच्यावर अख्खं घर उभं असतं असे रुग्ण जास्त दिसतात.

स्टार्टर चिकटला

आजाराचं मूळ समजायला फार शिकलेलं असायला नको. आपल्या प्रत्येक पेशीत गुणसूत्रांच्या २३ जोड्या असतात. त्यातल्या ९ नंबरच्या आणि २२ नंबरच्या गुणसूत्रांचे तुकडे तुटून एकमेकांना जोडले जातात. दोन गटांतले कोपरे चुकून एकमेकांच्या सातबाऱ्यावर चढावेत, तसं. ही अदलाबदल हाडाच्या मगजातल्या एकाच पेशीत होते, पण तिची सगळी वंशावळ तोच दोष घेऊन जन्मते. या चुकीच्या जोडणीतून एक प्रथिन तयार होतं, बीसीआर-एबीएल नावाचं. ते पेशीला सतत 'वाढ, वाढ' असा हुकूम देत राहतं.

विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर चिकटल्यावर काय होतं ते शेतकऱ्याला सांगायला नको. लाल बटण दाबलं तरी मोटार चालूच. वाफा भरतो, बांध फुटतो, पाणी शेजाऱ्याच्या रानात जातं. पांढऱ्या पेशींचं तसंच होतं. इमॅटिनिबची गोळी या चिकटलेल्या स्टार्टरमध्ये नेमकी जिथून वीज शिरते, त्या खाचेत जाऊन बसते. करंट तुटतो, मोटार थांबते. जुनी केमोथेरपी बऱ्या-वाईट सगळ्याच वाढत्या पेशींना मारत असे, म्हणजे तण मारायला अख्ख्या रानावर फवारा मारावा तसं. ही गोळी मुख्यत्वे दोष असलेल्या जागेवरच काम करते. म्हणून केस गळणं, अंगाची चाळण होणं हे प्रकार हिच्यात सहसा नसतात.

मात्र एक लक्षात घ्या. गोळीने करंट तोडला, स्टार्टर दुरुस्त केला नाही. शरीरातला गोळीचा अंश साधारण १८ तासांत निम्म्यावर येतो. म्हणून रोज नवी गोळी.

आणखी एक गोष्ट इथेच सांगून टाकतो, कारण तिच्यापायी घरं मोडतात. हा दोष जन्मानंतर, एका पेशीत घडलेला असतो. तो आईबापाकडून येत नाही, पोरांत जात नाही, एका ताटात जेवल्याने लागत नाही. बापाला सीएमएल आहे म्हणून मुलीची सोयरीक मोडणं याला वैद्यकशास्त्रात काडीचाही आधार नाही. पण सोयरीक मोडेल या भीतीने गोळ्या ट्रंकेत लपवणारी, पाहुणे आले की चार दिवस गोळीच न घेणारी माणसं आपल्यात आहेत, हेही खरं.

चाळीस वर्षांची वाट

अमेरिकेतल्या फिलाडेल्फिया शहरात १९६० साली पीटर नोवेल आणि डेव्हिड हंगरफोर्ड यांना या रुग्णांच्या पेशींत एक आखूड गुणसूत्र दिसलं. त्याला गावाचंच नाव पडलं, फिलाडेल्फिया गुणसूत्र. १९७३ मध्ये शिकागोच्या जॅनेट राउली यांनी दाखवलं, की ते नुसतं आखूड झालेलं नाही, ९ आणि २२ यांची अदलाबदल झाली आहे. पुढे स्वित्झर्लंडमधल्या सीबा-गायगी कंपनीत निकोलस लायडन आणि युर्ग झिमरमान यांच्या चमूने रसायन बनवलं, आणि ओरेगॉनचे डॉक्टर ब्रायन ड्रुकर यांनी ते या आजारावर चालतं हे दाखवून त्याचा पाठपुरावा केला. कंपनीला घाई नव्हती. रुग्ण थोडे, धंदा काय होणार? १९९६ मध्ये ही कंपनी सँडोझमध्ये मिळून नोव्हार्टिस झाली. जून १९९८ मध्ये पहिल्या माणसाला गोळी दिली गेली. औषध पुरेसं बनत नाही म्हणून १९९९ मध्ये कॅनडातल्या एका आजारी बाईने तीन हजारांवर सह्या गोळा करून कंपनीच्या प्रमुखाला पाठवल्या. आपल्याकडे पाण्यासाठी हंडा मोर्चा निघतो, तिकडे औषधासाठी सह्यांचा निघाला.

पहिल्याच चाचणीत ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त मात्रा घेणाऱ्या ५४ पैकी ५३ रुग्णांचं रक्त ताळ्यावर आलं. मे २००१ मध्ये अमेरिकेत परवानगी मिळाली. त्याआधी हायड्रॉक्सीयुरियाच्या गोळ्या, इंटरफेरॉनची सुया टोचून हैराण करणारी इंजेक्शनं, नाहीतर मगज बदलण्याचं ऑपरेशन, एवढंच हातात होतं. मगज बदलणं आपल्या देशात टाटा हॉस्पिटलात १९८३ मध्ये सुरू झालं, पण त्याला जुळणारा भाऊ-बहीण हवा, पैसा हवा आणि नशीबही हवं. बहुतेक रुग्ण चार-पाच वर्षांत जात. इमॅटिनिबवरच्या मोठ्या चाचणीत ही गोळी घेणाऱ्या गटातले ८३ टक्के रुग्ण दहा वर्षांनंतर जिवंत होते.

सव्वा लाख की दहा हजार

गोळी निघाली, पण भाव ऐकून डोळे पांढरे व्हायची वेळ. नोव्हार्टिसची ग्लिवेक भारतात महिन्याला सुमारे १ लाख २० हजार रुपये. हैदराबादच्या नॅटकोसारख्या देशी कंपन्यांची तीच गोळी आठ-दहा हजारांत. कंपनीने आपल्या कार्यक्रमातून हजारो भारतीय रुग्णांना गोळी फुकट दिली, हे तिच्या पदरात टाकलंच पाहिजे. पण दान म्हणजे हक्क नव्हे. नोव्हेंबर २००३ मध्ये कंपनीला विक्रीचा एकाधिकार मिळाला तेव्हा काही देशी कंपन्यांना इथली विक्री थांबवावी लागली, आणि स्वस्त गोळीवर जगणाऱ्या रुग्णांच्या तोंडचं पाणी पळालं.

मग मुंबईची कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशन आणि देशी कंपन्या पेटंटच्या विरोधात उभ्या राहिल्या. मुद्दा असा होता, की मूळ रसायन जुनंच, कंपनी त्याच्या एका नव्या स्फटिकरूपावर पेटंट मागते आहे. २००५ च्या दुरुस्तीने आपल्या पेटंट कायद्यात कलम ३(ड) आलं होतं. जुन्या औषधाचं नुसतं रूप बदललं तर पेटंट नाही, गुण वाढला तरच. जानेवारी २००६ मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी मद्रास हायकोर्टात गेली, अपील मंडळात गेली, शेवटी सुप्रीम कोर्टात. नवं रूप अंगात ३० टक्के जास्त शोषलं जातं, असं तिचं म्हणणं. १ एप्रिल २०१३ रोजी न्यायमूर्ती आफताब आलम आणि न्यायमूर्ती रंजना देसाई यांनी निकाल दिला: जास्त शोषलं जाणं म्हणजे आजार जास्त बरा होणं नव्हे. पेटंट नाही. त्या दिवशी परळच्या फुटपाथवर बिऱ्हाड मांडून बसलेल्या किती माणसांचा जीव भांड्यात पडला असेल, त्याची मोजदाद कुणी केलेली नाही.

पुढे २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही ही गोळी अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. आपल्या देशाच्या यादीतही ती आहे. म्हणजे गोळी आली, स्वस्त झाली, कोर्टाने वाचवली. आता उरलं काय? फक्त ती रोज गिळणं. आणि सगळं घोडं तिथेच पेंड खातं.

बाटलीच्या झाकणाने दिलेली साक्ष

लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी २०१० मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ८७ रुग्णांना गोळ्यांची बाटली दिली, तिच्या झाकणात एक चकती होती. बाटली कधी उघडली याची ती नोंद ठेवी. तीन महिने नोंद घेतली. जवळजवळ चौथा हिस्सा रुग्ण नव्वद टक्के किंवा त्याहून कमी गोळ्या घेत असल्याचं आढळलं. नव्वद टक्के म्हणजे काय? महिन्याला तीन गोळ्या चुकणं. तीनच. जे त्याहून नियमित होते, त्यांच्यात सहा वर्षांत आजाराचा अंश अगदी खालच्या पातळीवर येण्याची शक्यता ९४ टक्के निघाली. तीन किंवा जास्त चुकवणाऱ्यांत २८ टक्के. आणि ज्यांनी ऐंशी टक्क्यांहून जास्त गोळ्या घेतल्याच नाहीत, म्हणजे महिन्याला सहा किंवा त्याहून अधिक चुकवल्या, त्यांच्यात एकालाही तो टप्पा गाठता आला नाही.

हे लंडनच्या रुग्णांचं. तिथे दवाखाना दाराशी, औषध सरकारी खर्चाने. आता आपल्याकडचा हिशोब मांडा.

गोळी सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत पाणथरी उतरते, भूक लागते, माणूस पुन्हा नांगर धरतो. इथेच घात होतो. "आता बरं वाटतंय, गोळी कशापायी?" तापाला तीन दिवस, खोकल्याला पाच दिवस, अशी आपली औषधाची सवय. दुखणं संपलं की औषध संपलं. जन्मभर घ्यायची गोळी हे गणित डोक्यात बसतच नाही. शिवाय गोळी घेतल्यावर मळमळ होते, डोळ्यांखाली सूज येते, पोटऱ्यांत गोळे येतात, कातडी उजळते. लगेच निदान ठरलेलं: गोळी गरम पडते. मग उन्हाळाभर बंद. खरं तर मळमळ बहुधा उपाशीपोटी घेतल्याने वाढते. भरल्या पोटी, तांब्याभर पाण्याबरोबर घेतली तर बरीच कमी होते. सूज आणि गोळे यांवर डॉक्टरांकडे उपाय असतात, पण ते विचारायला जायला हवं.

उपवासांचा विषय वेगळाच. चातुर्मासात एकादशी, सोमवार, शनिवार, पुढे नवरात्राचे नऊ दिवस मोजले तर महिन्याला तीन गोळ्या केव्हाच ओलांडल्या जातात. जेवणाबरोबर घ्या म्हणून सांगितलं, आज जेवण नाही, म्हणून गोळी नाही, असा सरळ हिशोब. गोळीला भाकरीच लागते असं नाही. पोटात काहीतरी असावं एवढंच. साबुदाण्याची खिचडी, भगर, राजगिऱ्याचा लाडू चालतो. रोजे असतील तर इफ्तारचं जेवण झाल्यावर घ्यावी, दिवसातून एकच तर आहे. गिळता येत नसेल तर ४०० ची गोळी मोठा पेलाभर पाण्यात ढवळून, विरघळल्याबरोबर पिऊन टाकावी.

ऊसतोडीला जाणाऱ्यांची अडचण त्याहून मोठी. बीडहून टोळी निघाली की सांगली-कोल्हापूरच्या फडावर पाच-सहा महिने मुक्काम. महिन्याच्या गोळ्या घेऊन निघालेला माणूस दुसऱ्या महिन्यात काय करणार? उचल घेतलेली, मुकादम सुट्टी देणार नाही. अशांना निघण्याआधी पूर्ण हंगामाचं औषध मिळण्याची, किंवा जिथे फड आहे तिथल्या जिल्ह्याच्या ठिकाणी मिळण्याची सोय हवी. आणि गोळ्या पुरवून पुरवून वापरायच्या म्हणून अर्धी अर्धी करून घेणं हा तर सगळ्यात घातक प्रकार. डास मारायला अर्धं औषध मारलं तर डास मरत नाहीत, औषधाला सरावतात. इथेही तसंच होतं. कमी औषधात टिकलेल्या पेशी बदलत जातात. मग डॅसॅटिनिब, निलोटिनिब अशा पुढच्या गोळ्यांकडे जावं लागतं, आणि काही बदल असे असतात की त्याही चालत नाहीत. जाता जाता सांगायचं तर निलोटिनिब उपाशीपोटी घ्यावी लागते, इमॅटिनिबच्या अगदी उलट. गोळी बदलली तर ही गोष्ट नीट विचारून घ्यावी.

दुसऱ्या औषधांबाबतही सावध राहायला हवं. टीबीच्या कोर्समधलं रिफॅम्पिसिन आणि फिट्सवरचं फेनिटॉइन या औषधांनी इमॅटिनिबचा अंमल पार उतरतो. गावात टीबी काही दुर्मीळ नाही. त्यामुळे कोणत्याही दवाखान्यात गेलात तर आधी ही गोळी चालू आहे असं सांगा, झाडपाल्याचं औषध घेत असाल तर तेही. तरुण बायकांनी गोळी चालू असताना दिवस जाऊ देऊ नयेत, बाळाला धोका असतो. पण मूल हवं म्हणून घरातल्या घरात गोळी थांबवणं हा उपाय नव्हे. त्याचा मार्ग डॉक्टर आखून देतात. सासूच्या दबावाखाली गुपचूप गोळी सोडणाऱ्या सुनेला हे कोण सांगणार, हा प्रश्न आहेच.

भाडं, मजुरी आणि तपासणी

आज गोळीपेक्षा गोळीपर्यंत पोचणं महाग पडतं. दर तीन महिन्यांनी बीसीआर-एबीएलची तपासणी करायची असते. रक्तात सदोष अंश किती उरला ते ती टक्क्यांत सांगते. तीन महिन्यांत १० टक्क्यांवर किंवा खाली, सहा महिन्यांत १ च्या खाली, वर्षभरात ०.१ च्या आत, असे टप्पे धरतात. ही तपासणी तालुक्याला होत नाही. म्हणजे मोठ्या शहराची वारी, दोघांचं भाडं, दोन-तीन दिवसांची बुडालेली मजुरी. रेल्वेत कॅन्सरच्या रुग्णाला उपचारासाठी जाताना स्लीपर आणि एसी थ्री टियरला पूर्ण सवलत आहे, बरोबरच्या माणसाला पाऊण तिकीट माफ. दवाखान्याचा दाखला लागतो. एसटीतही सवलत आहे. महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून औषध आणि उपचार मिळतात का, ते योजनेतल्या रुग्णालयात बसणाऱ्या आरोग्यमित्राला विचारावं, रेशनकार्ड आणि आधार बरोबर ठेवावं. बाहेरून गोळी घ्यायची वेळ आली तर जनऔषधी केंद्रात चौकशी करावी. मुंबईच गाठायला हवी असं नाही. बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय, नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी, छत्रपती संभाजीनगरचं शासकीय कर्करोग रुग्णालय अशी ठिकाणं आहेत.

तरी मुद्दा राहतोच. टीबीची गोळी गावच्या आशाताईपर्यंत पोचते, एचआयव्हीची एआरटी केंद्रावर महिन्याच्या महिन्याला मिळते, मग याच रुग्णाने दर खेपेला दोनशे-चारशे किलोमीटर का जायचं? तपासणीसाठी रक्त जिल्हा रुग्णालयात घेऊन पुढे पाठवता येतं. गोळीची पाकिटं तिथल्या औषध खिडकीवर ठेवता येतात. ज्या गोळीसाठी देश सुप्रीम कोर्टापर्यंत लढला, ती एसटीच्या भाड्यापायी चुकावी हे पटत नाही.

आणि गोळी कधीच थांबत नाही का? थांबते, काहींची. फ्रान्समध्ये दोन वर्षांहून जास्त काळ तपासणीत आजाराचा अंश दिसलाच नाही अशा शंभर रुग्णांची गोळी बंद करून पाहिली. वर्षभरानंतर सुमारे ४१ टक्के बिनगोळीचे चांगले राहिले. बाकीच्यांचा आजार डोकावला, बहुतेकांचा पहिल्या सहा महिन्यांतच, आणि गोळी पुन्हा सुरू केल्यावर तो आवरलाही. पण त्यांची तपासणी महिन्या-दोन महिन्यांनी होत होती. ही परवानगी अनेक वर्षं नियमाने गोळी घेतलेल्यांनाच, आणि डॉक्टरांच्या नजरेखाली मिळते.

घरात असा रुग्ण असेल तर गोळी भिंतीवरच्या पंचांगाशेजारी ठेवा, रोज घेतली की तारखेवर खूण करा. पत्र्याच्या छपराखाली उन्हात ठेवू नका, चुलीच्या वरच्या फळीवरही नको. पाकीट संपायच्या आठ-दहा दिवस आधी पुढच्याची सोय लावा. एखादा दिवस चुकलाच तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नका, नेहमीची एकच घ्या आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांना खरं ते सांगा. ते रागावतील, पण रिपोर्ट का बिघडला हे त्यांना कळेल.